मागच्या लॉकरचा दिवा

धायरी, पुणे
१९ जुलै

प्रिय बाळ्या,

काल फोनवर "गाडीच्या मागच्या लॉकरचा दिवा लुकलुकतोय, सेन्सर मागवतोय" एवढं बोललास आणि नेमकी तिथेच रेंज गेली. नंतर दोनदा लावला, तू उचलला नाहीस. म्हणून हे पत्र. मागची दोन्ही चाकं एकत्र जखडणारा लॉकर बसला, ही खबर देणारा तो सेन्सर मागवला असशील तर आधी रद्द कर. साडेसहा हजार घालवून मी तो बसवून घेतला आणि माझा दिवा दुसऱ्या रविवारी पुन्हा लुकलुकायला लागला.

जूनच्या शेवटी आम्ही चौघं मुळशीकडे गेलो होतो. ताम्हिणीच्या अलीकडे डोंगरात शिरणारी ती बैलगाडीवाट, जिथे तुझी एक चप्पल अजून चिखलात असेल, तीच. पाऊस चांगला होऊन गेला होता, खाचरांत चिखलणी चालली होती. वाटेच्या डाव्या अंगाला पाण्याने हातभर खोल चर पाडलेली. तिथे माझं मागचं डावं चाक अधांतरी झालं. इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलचं रडगाणं तुला माहीत आहे, दोन्ही चाकांना जोर सारखाच मिळतो. लटकलेलं चाक गरगरायला जेवढा जोर लागतो, तेवढाच जमिनीवरच्या चाकाच्या वाट्याला येतो आणि गाडी जागची हलत नाही. फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर, होताच, लॉकरचं बटण दाबलं. दिवा लुकलुकायला लागला तो थांबेचना.

आता लुकलुकणं पहिले काही क्षण चालतंच. आतले दात समोरासमोर यायला चाक थोडं फिरावं लागतं, ते बसले की दिवा स्थिर होतो. पण इथे बसायचं नावच नाही. बटण बंद केलं, चालू केलं, थोडं मागे घेऊन पुढे नेलं. शेवटी वैतागून तसाच पाय दाबला, तर गाडी चढून वर! मी मंडळींना टायरांचं कौतुक ऐकवत बसलो. एक चाक हवेत असताना नुसते टायर कसे चढवतील, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही.

सोमवारी हायवेच्या कडेच्या एका गॅरेजात गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सेन्सर गेलाय, ह्याचा नेहमीचा प्रॉब्लेम आहे." मल्टिमीटर लावलाच नाही. नवा बसवला, त्यांच्या सिमेंटच्या सपाट अंगणात फोर-लोमध्ये टाकून दाखवलं, दिवा झटकन स्थिर. मी पैसे दिले. जुना सेन्सर तेवढा मागून घेतला, का कुणास ठाऊक. बायको म्हणते, मला भंगार गोळा करायची खोडच आहे.

पुढच्या रविवारी तीच चर, तेच चाक, तेच लुकलुकणं.

घरी येऊन चरफडत बसलो होतो. तेवढ्यात पहिल्या रविवारचा व्हिडिओ समोर आला. आपल्यातल्याच एकाने मागून काढलेला. त्यात डावं चाक हवेत आहे, उजवं जमिनीवर आहे आणि दोन्ही एकाच चालीने फिरतायत. डाव्या टायरवर चिखलाचा एक गोळा चिकटला होता, तो आणि उजव्या टायरची खूण बरोबर एकत्र वर येत होत्या. म्हणजे लॉक बसलं होतं. दिवा खोटं बोलत होता. पहिल्याच संध्याकाळपासून हे माझ्या खिशात होतं, आणि मी सेन्सरला पैसे मोजून आलो!

मग नाना पेठेतल्या वायरिंगवाल्या काकांकडे गाडी नेली. पूर्वी तुझ्या बुलेटचा डायनामो त्यांनीच केला होता. काकांनी माझं सगळं ऐकलं आणि विचारलं, "कुठे लुकलुकतो? सपाटीवर का खड्ड्यात?" मी म्हटलं, खड्ड्यात. "मग सेन्सर कशाला बदललास?" एवढं म्हणून ते चहा प्यायला गेले.

परत आल्यावर पुढच्या चाकांना दगड लावले, मागून जॅक दिला आणि एक्सलच्या नळीखाली दोन स्टँड लावले. गाडी फोर-लोमध्ये, म्हणजे मागे जोर नेणारा शाफ्ट पुढच्या चाकांनी धरून ठेवलेला. लॉकर बंद असताना मला एक चाक हाताने फिरवायला लावलं, दुसरं उलटं फिरलं. मग इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवली, बटण दाबलं आणि मला चाक थोडं मागेपुढे करायला सांगितलं. आतून 'टक्' असा आवाज आला आणि चाक असं आवळलं की दोन्ही हातांनी हलेना. लॉक ठणठणीत. लॉक बसवणाऱ्या कॉइलचा रोधही मोजला, मीटरच्या वायरींचा वजा करून चारेक ओहम. बारा व्होल्टला तीनेक अँपिअर, म्हणजे फ्यूज आणि रिले यांच्यावरही संशय नको.

राहिली खबर देणारी बाजू. सेन्सर म्हणजे काय रे, दोन वायरींचा एक स्विच. माझ्या गाडीत लॉक बसलं की तो आतून जुळतो, उठलं की सुटतो. काकांनी चेसिसच्या पुढच्या टोकाला, जिथे वायरींचा जुडगा, म्हणजे हार्नेस, वर चढतो, तिथला जोड सोडवून मीटर लावला. वायर आतून जुळलेली असली की तो बीप देतो. लॉक बसवलं, बीप. उठवलं, गप्प. पुन्हा बसवलं, बीप. म्हणजे सगळं बरोबर! मी हताश होऊन पायरीवर बसलो.

काका मात्र स्टँड काढायला लागले. नळीखालचे काढून त्यांनी ते चेसिसखाली लावले आणि जॅक हळूहळू सोडला. एक्सल स्प्रिंगांवरून खाली लोंबायला लागला, अगदी चरीत लोंबला होता तसा. बीप चालू होती. चार बोटं उतरला, चालूच. आणखी थोडा उतरला आणि बीप अडखळली, तुटली, मग बंदच. जॅकने वर उचलला की परत सुरू. सपाट अंगणात कुणीही कितीही वेळा बघितलं असतं तरी दिवा स्थिरच दिसला असता, नव्या सेन्सरने काय आणि जुन्याने काय.

वायर बाहेरून धडधाकट दिसत होती. ब्रेकच्या होजजवळ एका क्लॅम्पमध्ये ती आवळून बसवलेली, त्यामुळे एक्सल खाली गेला की सगळा ताण तिथे. काकांनी ती दोन बोटांत धरून वीतवीत सरकवत वाकवून पाहिली. सगळीकडे वायर ताठ आणि त्या एका जागी लुळी, उकडलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी. ब्लेडने आवरण उघडलं तर आत तांबं नव्हतंच म्हण, हिरवट भुकटी आणि दोन-तीन केसांएवढे तंतू. वर असताना ते एकमेकांना टेकायचे, ताण आला की सुटायचे.

मला वाटलं सोल्डर मारतील. पण ते म्हणाले, हलत्या जागी सोल्डर मारला तर तिथे वायर कडक होते आणि त्याच्या काठावर पुन्हा मोडते. तो तुकडाच कापून टाकला. तापकीर गल्लीतून मी लवचिक वायर आणि आतून गोंद असलेली, गरम केली की आकसणारी श्रिंक स्लीव्ह आणली. दोन्ही जोड क्लॅम्पपासून लांब, न हलणाऱ्या भागात दाबून क्रिंप केले आणि मध्ये सैल वळसा ठेवला. क्लॅम्पमध्ये रबराचा तुकडा. काकांनी घेतले चारशे, त्यातही चहा त्यांचाच.

आता तुझ्या गाडीचं. पहिलं हे आठव, की दिवा सपाटीवरही लुकलुकतो का फक्त वाकड्यातिकड्यात. सपाटीवरही होत असेल तर आधी चाक हाताने फिरवून बघ, लॉक खरंच बसतंय का. बसतच नसेल तर गोष्ट निराळी, मग कॉइल आणि फ्यूजकडे जा. बसत असेल तर सेन्सरच्या दोन टोकांवर दोन्ही स्थितींत मोज. तुझ्यात जोडणी माझ्या उलट असू शकेल, म्हणून बीप कधी येते याला महत्त्व नाही, फरक पडतो का एवढंच बघ. फरक पडत नसेल तर खुशाल बदल. जोड सोडवण्यापूर्वी वरचा चिखल ब्रशने झाडून घे, नाहीतर सगळी माती पिनांत जाते. त्याची कडी पिचलेली असते, जपून. माझी मी मोडलीच, आता पट्टी बांधून चालवतोय. पिनांवर तेल दिसलं तर सेन्सरच्या सीलमधून डिफचं ऑइल वर येतंय असं समज. आणि तू नदीत गाडी घालतोस, तेव्हा एक्सलला हवा आत-बाहेर करू देणारी ब्रीदरची नळी जागेवर आहे ना तेही बघ. तापलेला एक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि मिळेल तिथून पाणी ओढते. ऑइल दुधाळ दिसलं तर लॉकरचं राहू दे, आधी ते बदल.

एकट्याने गाडीखाली जाऊ नकोस. नुसत्या जॅकवर तर नाहीच. वहिनींना हे वाक्य मोठ्याने वाचून दाखव.

माझा जुना सेन्सर काकांनी मीटरवर तपासला, अगदी धडधाकट आहे. डिफवर बसलेला नवा मी काही उतरवत नाही. जुना उद्या वाकडेवाडीहून नाशिकच्या एसटीने पार्सल करतो. तुझ्या गाडीला बसला तर बसव, नाहीतर मला परत पाठव, भंगार माझ्याकडे नीट जपलं जातं. काकूंना नमस्कार. आणि मीटरमधली बॅटरी बदल, मागच्या वेळी तुझा मीटर सगळ्याच वायरी तुटलेल्या दाखवत होता.

तुझाच,
नंदू