स्पॅनिश शिकवणाऱ्या ताईंना, वरुडहून

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे.

आमच्या संत्र्याच्या बागेत डिंक्यानं, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या रोगानं, झाडं जात होती. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे संत्रा बागायतदार खुंट (ज्यावर कलम बांधतात ते रोप), पाणी, छाटणी यांबद्दल काय सांगतात ते त्यांच्याच तोंडून समजून घ्यायचं होतं. ज्यांना विचारलं त्यांनी आधी इंग्रजी पक्की करायला सांगितलं. तुम्ही मात्र म्हणालात, "इंग्रजीचं मधे कामच काय? मराठी येते ना, बस झालं."

आणि खरंच, तुम्ही सगळं मराठीतूनच उलगडलंत. 'मे गुस्ता ला नारांखा', मला संत्रा आवडतो. 'मे गुस्तान लास नारांखास', मला संत्रे आवडतात. आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे क्रियापद बदलतं, अगदी आपल्यासारखं. घर पाहिलं तर 'बेओ ला कासा', पण आईला पाहिलं तर 'बेओ आ मी माद्रे'. माणूस आला की मधे 'आ' येतो, जसा आपला 'ला' ('ला कासा'मधला 'ला' वेगळा, तो नुसता नामाआधी लागतो). इंग्रजीतून गेलो असतो तर हे दोन्ही नियम पाठ करावे लागले असते.

'सेर' आणि 'एस्तार' यांच्यापाशी मी अडलो होतो, कारण आपल्याकडे दोन्हीला 'आहे'च. तेव्हा तुम्ही मला बागेतलं एक फळ तोडून हातात घ्यायला लावलंत. साल हिरवी, आत गोड. त्याच्याबद्दल 'एस बेर्दे' म्हटलं तर तो रंग झाला. 'एस्ता बेर्दे' म्हटलं तर फळ अजून कच्चं आहे. त्या दिवसापासून प्रत्येक झाडाखाली मी मनात दोन्ही वाक्यं लावून पाहतो.

पण सगळ्यात जास्त ऋण आहे ते 'एस्तोय त्राबाखांदो'चं. तुम्ही विचारलंत, "तुमच्याकडे याला काय म्हणता?" मी म्हटलं, काम करत आहे. "नाही, घरी काय म्हणता?" तेव्हा मी म्हटलं, 'काम करून राहिलो'. तुम्ही लगेच म्हणालात, हेच ते. 'एस्तोय' हे 'एस्तार'चंच रूप, म्हणजे तुझं 'राहिलो'. शाळेत याच 'करून राहिलो'वर लाल रेघ पडायची. ताई, माझ्या बोलीला व्याकरण आहे हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

शेतीची लाईन रात्री येते. मोटर सुरू करून झाडांभोवतीच्या आळ्यांमध्ये, म्हणजे पाण्याच्या गोल खळग्यांमध्ये, पाणी फिरवताना तुमचे आवाजी संदेश कानात असायचे. 'रिएगो' म्हणजे ओलीत, 'पोदा' म्हणजे छाटणी, 'इंखेर्तो' म्हणजे कलम, 'पात्रोन' म्हणजे खुंट, 'रिएगो पोर गोतेओ' म्हणजे ठिबक. शब्दांची ही यादी तुम्ही माझ्यासाठी वेगळी केलीत. पुस्तकातल्या पहिल्या धड्यात विमानतळ आणि हॉटेल होतं. धुऱ्यावरून आई विचारायची, "काहून रे, कोणाशी बोलून राहिला एवढ्या रात्री?" मी 'ताईशी' म्हणायचो, ती निश्चिंत व्हायची.

चिमूरच्या त्या ताईंचेही आभार. माझ्यासोबतच शिकत होत्या, पण क्रियापदांची रूपं त्यांनी माझ्याकडून जात्यावरच्या ओव्यांसारखी घोळवून घेतली: आब्लो, आब्लास, आब्ला. शेवट ऐकूनच कोण बोलतो ते कळतं, कर्ता गाळला तरी चालतो. 'बोलतो, बोलतोस' म्हणताना आपण तरी कुठे प्रत्येक वेळी 'मी' लावतो!

परवा व्हॅलेन्सियाच्या एका म्हाताऱ्या बागायतदाराचं बोलणं ऐकलं. तो भरभर बोलतो, सगळं नाही कळलं. पण पाणी खोडाला लागू देऊ नका, हे त्याचं वाक्य मला व्हिडिओखालचा मजकूर न वाचता समजलं. आळी आता खोडापासून दूर, दुहेरी करून घेतोय.

भूतकाळ कधी सुरू करायचा ते कळवा. आणि आंबिया बहाराचे संत्रे तुटले की एक पेटी पाठवणार आहे, पत्ता द्या. या वेळी नाही म्हणू नका.

तुमचा,
वरुडचा विद्यार्थी