गावात जिनाच नाही, मग दम कशावर मोजायचा?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी जागतिक सीओपीडी दिन झाला. सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायमचा दम लागणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार. त्यानिमित्त आपल्या जिल्हा पानावर फुफ्फुस तपासणी शिबिराची बातमी वाचली. किती जणांनी नळीत फुंकलं, पाहुणे कोण होते, सगळं होतं. गेल्या वर्षी अशाच एका शिबिरात माझ्या वहिनींनीही फुंकलं होतं, म्हणून हे पत्र.

वहिनींचं वय ५८. विडी तर सोडाच, खर्रासुद्धा कधी तोंडात टाकला नाही. पण चाळीस वर्षं चुलीपुढे गेली. आमच्याकडे उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम संपला, की पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) उपटून घरामागे रचून ठेवतात आणि वर्षभर त्याच जळतात, जोडीला तुराट्या. गॅस आहे, पण तो पाहुणे आले की पेटतो. शिबिरात त्यांच्या कागदावर ५२ टक्के लिहून आलं, म्हणजे त्या वयाच्या निरोगी बाईनं पहिल्या सेकंदात जितकी हवा फुंकावी, तिच्या जवळपास निम्मीच. आमच्या शेजारच्या काकांचा आकडा ५३. ते उभी हयात जिनिंगमध्ये राबले आणि विडी अजून सुटलेली नाही. दोघांना एकच पंप, एकाच कॅप्सूल आणि एकच सल्ला मिळाला: धुळीपासून जपा.

आता हे दोघं कसे जगतात ते पाहा. काका पानठेल्यावर बसून असतात, चालणं फारसं नाहीच. त्यांचा जीव जातो तो रात्री. खोकल्यानं झोप नाही, घरच्यांनाही नाही. वहिनींना झोप लागते, पण हापशीवरून पाण्याचा गुंड (हंडा) आणताना दोनदा टेकावं लागतं. ‘पयले एका दमात तास येचत होती, आता अर्ध्यातच बसा लागते,’ असं त्या म्हणतात. तास म्हणजे कपाशीची ओळ. एसटीची पायरी चढल्यावर धाप लागते आणि लोक बघतात, म्हणून त्यांनी लग्नाला जाणंच सोडलंय. हे त्यांना कोणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. डॉक्टरांनी ‘कसं वाटते?’ विचारलं की आमच्याकडची बाई ‘बरं आहे’च म्हणते.

कॅप्सूलचंही सांगतो. पंपात घालून ओढायच्या त्या कॅप्सूल वहिनी तीन आठवडे पाण्यासोबत गिळत होत्या. गोळी म्हणजे गिळायची, एवढंच त्यांना ठाऊक. एकदा माझ्यासमोरच गिळली तेव्हा कळलं. कागदावरचा ५२ हा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

सीओपीडीच्या रुग्णाला आजाराचं ओझं किती वाटतं हे मोजायला आठ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तिला कॅट म्हणतात, २००९ पासून ती वापरात आहे. खोकला, कफ, छाती जखडणं, चढताना लागणारा दम, घरची कामं, बाहेर पडायची हिंमत, झोप, अंगातलं बळ, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. एकूण ४०. जितके जास्त, तितकं ओझं जास्त. दोन गुणांचा फरकही डॉक्टर दखल घेण्याजोगा मानतात. सीओपीडीच्या उपचारासाठी जगभर पाळल्या जाणाऱ्या ‘गोल्ड’ नावाच्या मार्गदर्शक सूचनांनी २०११ पासून लक्षणं आणि वर्षभरात दम एकदम बिघडण्याच्या वेळा हिशेबात घ्यायला सांगितलं. २०१७ मध्ये तर औषधाचा गट ठरवताना फुंकण्याचा आकडा बाजूलाच ठेवला. तपासणी हवीच, रोग तिच्यावरूनच ठरतो. पण माणसाचा दिवस कसा जातो, ते तिच्यात दिसत नाही.

या कॅटचा चौथा प्रश्न ‘टेकडी किंवा एक जिना चढताना’ असा आहे. वहिनींच्या गावात जिना कुठे आहे? एक ग्रामपंचायतीचा, तो कुलपात! म्हणून घरच्या घरी मी तो ‘भरलेला गुंड घेऊन घरापर्यंत’ असा करून विचारला. शास्त्राच्या दृष्टीनं ही लुडबूडच. बदललेला प्रश्न पुन्हा पारखावा लागतो, हे मान्य. मग जाणत्यांनी तो आमच्यासाठी पारखून द्यावा.

नेदरलँड्समध्ये याच कामासाठी रुग्णाला रंगीत फुगे दाखवतात. बरं असेल तो फुगा हिरवा आणि वर, काळजीचा तो लाल आणि खाली, मागच्या वेळचा करडा. रुग्ण स्वतः बोट ठेवतो आणि मग आधी कशावर काम करायचं हे दोघं मिळून ठरवतात. मी तीस वर्षं फळ्यावर रंगीत खडू चालवलेत. अक्षर न येणाऱ्या बाईलाही हे समजेल, असं मी त्या अनुभवावरून सांगतो.

आणि नवीन काही उभारावं लागणार नाही. आशाताई तिशीवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे मधुमेह, रक्तदाब अशा आजारांचा धोका तपासायचा सरकारी फॉर्म, भरतातच. त्यात गुण आहेत वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, हालचाल आणि घरातल्या आजारांना. स्वयंपाकाला काय जाळता हा प्रश्नही आहे, पण त्यावर नुसता गोल करायचा, गुण शून्य. म्हणजे सडपातळ, कष्टाळू, निर्व्यसनी आणि चाळीस वर्षं धूर गिळलेली बाई गुणांच्या बेरजेत जवळपास निरोगीच ठरते. ज्यांच्या चुलीवर गोल पडला आणि त्याच फॉर्ममधल्या धापेच्या प्रश्नाला ‘हो’ आलं, त्यांना उपकेंद्रातल्या सीएचओंनी (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी) तीन महिन्यांनी आठ प्रश्न विचारावेत आणि पंप ओढून दाखवायला सांगावं. आमच्या काकांना विडी सोडायला मदत आणि रात्रीच्या खोकल्याचा इलाज हवा. वहिनींना पंप शिकवायचा, श्वासाचे व्यायाम द्यायचे आणि सिलिंडर भरायची सोय बघायची. एकच चिठ्ठी दोघांना पुरत नाही.

जिल्ह्यातल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी यावर आपल्या पानातून काही सांगावं, ही विनंती.

कॅप्सूल बरोबर ओढायला लागल्यापासून दोन महिन्यांत वहिनींचे गुण २६ वरून २१ वर आलेत. चौथा प्रश्न मात्र अजून पाचवरच अडलाय. सध्या कापसाची वेचणी सुरू आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक
ता. हिंगणघाट, जि. वर्धा