कबड्डी लीग परदेशी नेण्याआधी घरचे सामने घरी खेळवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रो कबड्डी लीगमध्ये आता एखादा परदेशी संघ घ्यावा, निदान हंगामाचे काही सामने दुबईला किंवा लंडनला खेळवावेत, असे मत क्रीडाप्रेमींच्या चर्चेत अधूनमधून मांडले जाते. डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला लीगचे प्रदर्शनीय सामने झालेही. कबड्डी जगभर खेळली जावी असे मलाही मनापासून वाटते. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यात या खेळाइतके प्रेम मी दुसऱ्या कशावर केले नाही. तरीही लीगने परदेशाचा रस्ता आज धरू नये, या मतावर मी ठाम आहे. त्याची कारणे बेळगावातून जितकी स्पष्ट दिसतात तितकी मुंबई-दिल्लीतून दिसत नसावीत, म्हणून हे पत्र.

सीमाभागातला कबड्डीचा प्रेक्षक दोन्हीकडचा आहे. एकाच गल्लीत एका घरी मराठी समालोचन चालू असते, शेजारच्या घरी कन्नड. यू मुंबा आणि पुणेरी पलटण आमचेच, आणि बेंगळुरू बुल्सही आमचेच. आता या तिन्ही संघांचे सामने कुठे झाले ते पाहा. २०२४ चा अकरावा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात झाला. २०२५ चा बारावा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. म्हणजे सलग दोन हंगाम कर्नाटकात लीगचा एकही सामना नाही, आणि बाराव्या हंगामात महाराष्ट्रातही नाही. पुणेरी पलटणने त्या हंगामाची अंतिम फेरी गाठली, दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी ती हरली, पण पुण्याच्या प्रेक्षकाला आपला संघ हंगामभर आपल्या शहरात पाहता आला नाही. दहाव्या हंगामात बाराही संघांच्या शहरांत सामने झाले होते. मग लगेच पुढच्या वर्षी ती पद्धत मोडली. ज्या लीगला आपल्या संघांची शहरेच पुरी करता येत नाहीत, तिने समुद्र ओलांडायची घाई कशाला करावी?

खर्चाचे कारण पुढे केले जाईल. बारा शहरांत मॅट, दिवे, प्रक्षेपणाचे सामान हलवणे महागात पडते, हे मान्य. पण तोच हिशेब परदेशी सामन्याला का लागू होत नाही?

परदेशी नेल्याने खेळ तिथे रुजतो, या समजुतीलाही माझी हरकत आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरवले. त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. त्याच स्पर्धेत इराणच्या पुरुषांनी उपांत्य फेरीत भारताला गारद केले आणि सुवर्णपदकही नेले. १९९० पासून भारताच्या हातून कधीही न सुटलेले ते सुवर्ण होते. इराणला इथवर कोणी आणले? तिथे काही लीगने सामने भरवले नव्हते. गावोगावच्या संघांनी, रोजच्या सरावाने आणि जैन यांच्यासारख्या माणसांनी आणले. फझल अत्राचली, मोहम्मदरेझा शादलूई हे आपल्या लीगमध्ये आले ते तयार होऊन. शादलूईसाठी पुणेरी पलटणने २०२३ च्या लिलावात २ कोटी ३५ लाख मोजले आणि त्याच हंगामात विजेतेपद मिळवले. कोरियाचा जांग कुन ली याला तर बंगाल वॉरियर्सच्या चाहत्यांनी घरचाच मानला. प्रत्येक संघात परदेशी खेळाडू घ्यायचा नियम हे लीगने केलेले उत्तम काम आहे. जग असे आपल्याकडे येते आहे, ते येऊ द्यावे. सोबत आपले प्रशिक्षक केनियाला, पोलंडला, अर्जेंटिनाला पाठवावेत. हे देश २०१६ मध्ये अहमदाबादला विश्वचषक खेळून गेलेले आहेत. विश्वचषक देशोदेशी फिरावा हेही योग्यच. मार्च २०२५ मध्ये तो इंग्लंडमध्ये झाला याचा मला आनंद आहे. देशांची स्पर्धा कुठेही होऊ शकते. लीगच्या संघाला मात्र गाव लागते.

युरोपातल्या फुटबॉलवाल्यांनी हे ओळखले आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २००८ मध्ये हंगामाची एक जादा फेरी परदेशात खेळवायचा घाट घातला, तो विरोधामुळे बारगळला. स्पेनच्या लीगने व्हियारेआल आणि बार्सिलोना यांचा सामना मायामीला न्यायचे ठरवले होते. खेळाडू मैदानावर स्तब्ध उभे राहून निषेध करू लागले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो बेत रद्द झाला. अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी तर युरोपात स्वतंत्र लीग अनेक वर्षे पोसली आणि तोटा सोसून २००७ मध्ये बंद केली. त्यांच्या तिजोरीपुढे आपली लीग केवढी! आयपीएलचे उदाहरण कोणी देईल तर ती २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेला गेली ती निवडणुकांमुळे, आणि २०२० मध्ये अमिरातीत गेली ती करोनामुळे. अडचण सरताच ती घरी परतली.

आता आमच्या मुलांविषयी. खानापूर, येळ्ळूर, कडोली, निपाणी, कुठेही जा, जत्रेच्या निमित्ताने प्रकाशझोतातल्या कबड्डी स्पर्धा होतात. मैदान मातीचे, रेषा फक्कीच्या. चपळ पोरे आहेत, पायात ताकद आहे, घोट्याची पकड अशी घालतात की पाहत राहावे. ही पोरे निवड चाचणीला जातात आणि तिथे आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर उभी राहतात. मातीत पाय घसरतो, त्या घसरण्याच्या अंदाजानेच त्यांनी वळायला शिकलेले असते. मॅटवर बूट रुततो, अंग फिरते आणि पाय मागेच राहतो. चढाईची लय तिथेच बिघडते, गुडघे दुखावतात ते वेगळेच. मॅटचा संच घ्यायचा तर खर्च लाखांत जातो, गावातले युवक मंडळ तो कुठून आणणार? आणि खानापूरच्या बाजूला पाऊस असा की लीगचा हंगाम टीव्हीवर रंगात आलेला असतो तेव्हा आमची मैदाने चिखलात असतात. पाहून हात शिवशिवतात, पण खेळायला छप्पर नाही. चाचणीसाठी बेंगळुरू गाठायचे तर पाचशे किलोमीटर. ज्याच्या घरी शेतमजुरी आहे, तो किती वेळा जाणार?

मेलबर्नच्या एका फेरीला लागणाऱ्या पैशांत सीमाभागातल्या किती तालुक्यांना मॅट मिळाली असती, याचा विचार लीगच्या मालकांनी खरोखर करावा. उद्याचे चढाईपटू त्यांना इथूनच लागणार आहेत.

मुलींची गोष्ट तर याहून वाईट. २०१६ मध्ये लीगने तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज भरवली. त्यानंतर प्रो कबड्डीच्या बरोबरीने ती नियमित झाली नाही. भारताच्या मुलींनी हांग्झू आशियाई स्पर्धेत सुवर्ण परत मिळवले, तरीही त्यांच्यासाठी पुरुषांसारखा हंगाम नाही. नवे संघ काढायचेच असतील तर आधी ते मुलींचे काढा.

बेळगावात सामने होऊ शकतात का, असे विचारले जाईल. २०१७ मध्ये बेंगळुरू बुल्सचे घरचे सामने नागपूरला झाले होते, बेळगाव ओलांडून. आठवा हंगाम करोनामुळे पूर्णच्या पूर्ण बेंगळुरूच्या एका हॉटेलात झाला, समोर प्रेक्षक नसताना. हॉटेलात होऊ शकते ते इथे का होणार नाही? पुणे-बेंगळुरू महामार्ग गावाला लागून जातो, सांबऱ्याला विमानतळ आहे, आणि खुर्च्या भरायची जबाबदारी आम्ही घेतो.

तेव्हा लीगच्या चालकांना आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी विनंती आहे. पुढच्या हंगामात बेंगळुरू, मुंबई आणि पुणे इथले घरचे टप्पे पुन्हा सुरू करा. बेंगळुरूच्या टप्प्यातले दोन दिवस बेळगावला द्या, त्यात एक सामना बुल्स विरुद्ध पलटण ठेवा, आणि सामने संपले की ती मॅट इथल्याच एखाद्या सरकारी शाळेला देऊन जा.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
खानापूर, जि. बेळगाव