जमिनीखालचे टर्मिनस : आधी फलाटाची रुंदी ठरवा, मग रूळ मोजा

माननीय रेल्वेमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

कोल्हापूरहून लिहितो आहे. इथून सुटणाऱ्या गाड्यांचे भवितव्य मुंबईच्या फलाटांवर ठरते. सीएसएमटीला 18 फलाट, त्यांतले 7 लोकलचे. उरलेल्यांत साऱ्या महाराष्ट्राने आणि देशाने जागा शोधायची. उद्या मुंबई-पुण्यात लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी भुयारी टर्मिनस बांधायची वेळ आली, तर ‘शक्य तितके रूळ बसवा’ हा आग्रह कृपया धरू नये.

जमिनीवर चुकले तर शेजारची जागा घेता येते. भुयारात बाजूच्या भिंती उभ्या राहिल्या की रुंदी कायमची ठरते. एका रुळाला गाडीसह साधारण साडेचार मीटर जागा लागते. दोन रूळ वाढवले की नऊ मीटर गेले, म्हणजे जवळजवळ एक अख्खा फलाट. दहा मीटरच्या फलाटावर मधोमध चार मीटरचे जिने आले, की दोन्ही कडांना तीन-तीन मीटरच उरतात. नवरात्रात अंबाबाईचे दर्शन घेऊन परतणारी, पोरेबाळे आणि बोचकी सांभाळणारी गर्दी तेवढ्यात उभी करून पाहा. 29 सप्टेंबर 2017 ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत 23 माणसे गेली. तो जिना तर भुयारात नव्हता, तरीही.

शिवाय रूळ वाढले म्हणून गाड्या वाढतातच असे नाही. शेवटच्या स्थानकात परत निघालेली गाडी आणि आत येणारी गाडी एकाच सांध्यावर, म्हणजे रूळ बदलण्याच्या जागी, एकमेकींना अडवतात. खरी कोंडी तिथे असते. मुंबईत बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) बुलेट ट्रेनसाठी प्रत्येकी सुमारे 415 मीटरचे 6 फलाट होत आहेत. आत-बाहेर जायला मात्र दोनच रूळ. टोकियोत तोहोकू शिंकान्सेन या जपानी बुलेट ट्रेनचे काम 4 रुळांवर चालते, कारण गाडीची सफाई 7 मिनिटांत उरकते आणि ती लगेच परत फिरते. आपल्या गाडीला पाणी भरायचे असते, तपासणी असते. ती कामे शहराबाहेरच्या यार्डात न्या; भुयारातल्या फलाटावर माणसांनी फक्त चढावे-उतरावे.

म्हणून विनंती एवढीच : अशा कोणत्याही स्थानकाची निविदा काढण्यापूर्वी त्याचा आडवा छेद, जिने, खांब आणि सांधे दाखवून, मराठीत जाहीर करावा. स्टेशन मास्तर, लोको पायलट आणि प्रवासी यांना त्यावर बोलायला निदान दोन महिने द्यावेत.

आपला,
एक प्रवासी
शाहूपुरी, कोल्हापूर