फळ्यांखाली काय आहे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल चावी हातात घेताना तू विचारलंस, "आई, ही क्रेन किती उचलते?" मी "२ टन" एवढंच म्हणाले आणि ताडपत्री ओढायला निघून गेले. ते उत्तर अपुरं होतं. क्रेन बसवलेल्या या जुन्या ट्रकवर आपण २ वर्षं खपलो, पण पुष्कळशी कामं तू नसताना झाली आणि आता ती माल ठेवायच्या फळ्यांखाली झाकली गेली आहेत. गाडी तू चालवणार आहेस, तेव्हा खाली काय आहे हे तुला माहीत असायलाच हवं. त्यात माझ्या हातून झालेली एक चूकही आहे.

आधी त्या २ टनांचं सांगते. ते वजन क्रेनच्या खांबापासून २ मीटर अंतरावरचं. क्रेनला नुसत्या वजनाने फरक पडत नाही, वजन गुणिले अंतर जे येतं त्याने पडतो. आपल्या क्रेनचा हा गुणाकार ४ टन-मीटर आहे. म्हणजे ४ मीटरवर १ टन, ५ मीटरवर ८०० किलो. बूम, म्हणजे क्रेनचा हात, लांबवलं की त्याचं स्वतःचं वजनही यातूनच जातं, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. क्रेनच्या खांबावर लोड चार्टची, म्हणजे किती अंतरावर किती वजन चालेल हे सांगणारी पट्टी आहे. तोंडी हिशेब करत बसू नकोस, ती पट्टी सांगेल तेच खरं.

हे एवढं बजावून सांगते, कारण हायड्रॉलिकचा, म्हणजे तेलाच्या दाबाचा जोर माणसाला फसवतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये २०० बारचा दाब भरला तर तो जवळजवळ १६ टनांच्या जोराने ढकलतो. त्या जोरावर नको इतकं वजनही जमिनीवरून सुटतं आणि आपल्याला वाटतं, पेलतंय की! म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह असतो, दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की तो तेल परत सोडून देतो. त्याचा स्क्रू थोडा आवळला तर क्रेन जास्त उचलेल असं तुला कोणीतरी नक्की सांगेल. हात लावू देऊ नकोस. क्रेन उचलेलही, पण तो भार शेवटी जातो कुठे? फळ्यांखालच्या चासीत, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यात.

जुना हौदा उतरवला तो दिवस तुला आठवत असेल. हौदा आणि चासी यांच्या मध्ये गंजाचे पापुद्रे साचले होते. लोखंड गंजलं की मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतं, त्याने दोन जाड पत्रे पाचर मारल्यासारखे एकमेकांपासून फाकले होते. आपण सगळं खरवडलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजले, ते जुळले, तेव्हाच मी ठरवलं की ही गाडी उभी करायची. कर्ण जुळले नसते तर मी ती भंगारात दिली असती. इंजिन बदलता येतं, केबिन बदलता येते, पण चासी पिळलेली असेल तर वर काहीही बांधलं तरी ते वाकडंच.

चासीचे ते दोन लांब चॅनेल नीट बघ. वरची आणि खालची आडवी पट्टी, मध्ये उभी. वजन पडलं की वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि उभ्या पट्टीच्या मध्यावर ताण सगळ्यात कमी असतो. (केबिनमागे ताठ दिसणारी ही चासी खरं तर चालताना सतत थोडी थोडी वाकत असते. तसंच असायला हवं.) म्हणून भोक पाडायचं ते उभ्या पट्टीत. आडव्या पट्ट्यांना भोक नाही, चीर नाही, वेल्डिंग नाही. शिवाय मोठ्या गाड्यांच्या चासीचं पोलाद बऱ्याचदा तापवून कणखर केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने नेमकी तेवढी जागा कमजोर पडते.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही हायड्रॉलिक तेलाच्या टाकीचा ब्रॅकेट मी डाव्या चॅनेलच्या खालच्या पट्टीला वेल्ड केला. संध्याकाळ झाली होती, ड्रिलचा बिट तुटला होता, आणि एवढ्याशा ब्रॅकेटने काय होणार असं वाटलं. पुढे गाडी धुताना त्या वेल्डच्या कडेपासून निघालेली केसाएवढी तांबूस रेघ दिसली. रंग तडकून आत गंज चढला की अशीच रेघ येते. ब्रॅकेट कापला, जागा घासली, तड्यात झिरपणारं लाल रंगाचं पेनेट्रंट मारून पुसलं आणि ते वर ओढून दाखवणारा डेव्हलपर फवारला, तर तडा पट्टी ओलांडून उभ्या बाजूत ३ सेंटिमीटर चढलेला. मी तिथेच खाली बसले. क्रेन तेव्हा अजून बसायची होती. ती बसल्यावर हे कळलं असतं तर त्या वेळी बूमखाली तू उभा असतास.

ती दुरुस्ती मी स्वतः केली नाही. चासीच्या कामात मुरलेल्या कारागिराकडून करून घेतली. तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवला, खाच कापून कोरड्या लो-हायड्रोजन वेल्डिंग रॉडने भरला, घासून सपाट केला, आणि उभ्या पट्टीला आतून जोडपट्टी बोल्टने बसवली. पट्टीची टोकं तिरकी उतरवली आहेत, कारण जाडी एकदम संपली की ताण तिथेच गोळा होतो. त्या जागेभोवती मी पांढऱ्या रंगाचं वर्तुळ काढलं आहे. डावी बाजू, पहिल्या फळीखाली. दर महिन्याला टॉर्च घेऊन बघ. पुन्हा तांबूस रेघ दिसली तर गाडी त्याच दिवशी उभी कर, काम कितीही अडलेलं असो.

या प्रकारानंतरच सबफ्रेमचा, म्हणजे चासीवर बसवायच्या दुसऱ्या चौकटीचा खर्च मी मान्य केला. क्रेन थेट चासीवर नाही, सबफ्रेमवर बसली आहे, आणि सबफ्रेम तिचा भार चॅनेलच्या सगळ्या लांबीवर पसरवते. सबफ्रेम चासीला धरून ठेवणारे यू-बोल्ट आवळले तिथे चॅनेलच्या पोटात आधाराचे तुकडे घातले आहेत, नाहीतर आवळताना चॅनेलच्या पट्ट्याच आत चेपल्या जातात.

क्रेन मागच्या टोकाला का नाही, यावरून तू माझ्याशी भांडला होतास. तिचं वजन ६०० किलो. मागच्या एक्सलच्या १ मीटर मागे ती बसवली असती तर ४ मीटर व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) पुढच्या चाकांवरून १५० किलो उचलले गेले असते. त्यात मागे माल भरला की स्टिअरिंग हलकं होतं, आणि ओल्या वळणावर ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. केबिनमागे ठेवल्याने फळ्यांच्या शेपटाकडे जड नग ठेवता येत नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. तो तोटा मी पत्करला. जड नग क्रेनजवळ ठेव, हलके मागे.

आउटरिगरचे, म्हणजे क्रेन चालवताना गाडी स्थिर ठेवणारे बाजूचे पाय पूर्ण बाहेर काढल्याशिवाय बूम उघडायचं नाही. अर्धे काढलेले पाय म्हणजे न काढलेलेच समज. एका पायावर ६ टन आले तर २० सेंटिमीटरच्या चौकोनी तळव्याखाली दर चौरस सेंटिमीटरला १५ किलो पडतात. त्याखाली ६० सेंटिमीटरची जाड लाकडी पाटी सरकवली की पावणेदोन किलोसुद्धा नाहीत. पाट्या सीटमागे आहेत. आणि मागची चाकं जमिनीवरून उचलू नकोस. हँडब्रेक मागच्याच चाकांवर आहे.

होज पाइप गळतोय असं वाटलं तर बोट फिरवून शोधू नकोस, पुठ्ठा फिरव. सुईसारखी तेलाची धार कातडीतून आत शिरते. वरून जखम टाचणीएवढी दिसते आणि आत बोट सडायला लागतं. अशा वेळी वाट न पाहता सरळ दवाखाना गाठायचा आणि तेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. सिलिंडरवर होल्डिंग व्हॉल्व्ह आहे, होज फुटला तरी बूम कोसळणार नाही. तरी बूमखाली उभं राहायचं नाही, आणि दुसऱ्या कोणाला राहू द्यायचं नाही.

निघण्याआधी बूम घडी करून अडकव, पाय आत घेऊन पिना घाल, पीटीओ (इंजिनवरून हायड्रॉलिक पंप फिरवणारी जोडणी) बंद कर. याच क्रमाने.

नवे यू-बोल्ट पहिल्या काही दिवसांत थोडे सैल होतात. पहिला आठवडा संपला की गाडी घेऊन ये, ठरल्या जोराने बोल्ट आवळायचा टॉर्क रेंच माझ्याकडेच ठेवला आहे. मी खाली जाईन, तू वरून टॉर्च धर. मग तू खाली जा, मी धरते.

तुझी,
आई