हिंडलग्यातून सुटल्यावर चुकणारी तारीख

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुटून आलेल्याला काम द्या, म्हणजे तो पुन्हा वाकड्या वाटेला जाणार नाही, असे सभासमारंभांतून नेहमी सांगितले जाते. काम हवेच. पण बेळगाव, खानापूर, निपाणी भागातला माणूस हिंडलगा कारागृहातून सुटून पुन्हा आत जातो, तेव्हा दरवेळी नवा गुन्हा घडलेला असतोच असे नाही. पुष्कळदा जुन्या खटल्याची एक तारीख चुकलेली असते.

सीमेवरच्या माणसावरचे खटले सीमेच्या दोन्ही अंगांना असू शकतात. एक बेळगावच्या न्यायालयात, दुसरा चंदगड किंवा गडहिंग्लजला. इकडच्या खटल्यात तो हिंडलग्यात असतो आणि तिकडच्या रोजनाम्यात ‘आरोपी गैरहजर’ अशी नोंद पडते. कारागृहातून हजर करण्याचा आदेश वेळेत पोचत नाही, पोचला तर नेण्याआणण्याला पोलीस मिळत नाहीत. दोन-चार तारखा अशा गेल्या की अजामीनपात्र वॉरंट निघते. सुटून, कामाला लागून दोन महिने झाल्यावर महाराष्ट्र पोलीस दारात उभे राहतात. कारखान्याच्या मालकाला एवढेच कळते, की याला पोलिसांनी उचलले. ती नोकरी तिथेच संपते.

म्हणून तयारी सुटकेआधी तीन महिने व्हायला हवी. प्रत्येक खटल्याचा १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक वहीत लिहून घ्यावा. ई-कोर्ट्स ॲपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते, पैसे पडत नाहीत. क्रमांक नसेल तर नाव आणि वर्ष टाकून शोधता येते, पण इथेच गोची होते. एका नोंदीत आडनाव आधी, दुसरीत शेवटी, वडिलांच्या नावाचे स्पेलिंग तिसरेच. तीन-चार तऱ्हांनी शोधल्याशिवाय ‘खटला नाही’ असे समजू नये.

वॉरंट निघालेले आढळले तर लपून काही साधत नाही. पहिल्या आठवड्यातच वकिलासह त्या न्यायालयात स्वतः हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. सोबत कारागृहाचा दाखला हवाच: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आत होता. माणूस पळाला नव्हता, सरकारच्याच ताब्यात होता, हे त्या एका कागदाने सिद्ध होते. आता हा दाखला कन्नडमध्ये असेल तर चंदगडला वाचणार कोण? भाषांतर करून आणेपर्यंत पुढची तारीख पडते. सुटतानाच लेखी अर्ज करून तो इंग्रजीतही मागावा. भाषेचे भांडण आपल्याकडे जुने आणि मोठे आहे, इथे प्रश्न फक्त एका पानाचा आहे.

वकिलाचा अर्जही आत असतानाच करावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बाहेर पाऊल टाकले की तो आधार जातो आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी हेलपाटे सुरू होतात. (महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ती अट नाही.) चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. नवा जामीनदार मागितला गेला तर आणखी एक अडचण येते. बेळगावकडच्या पाहुण्याचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) तिकडे पडताळायला वेळ लागतो, चंदगडच्या सातबाऱ्याचे इकडे तेच. स्थानिक जामीनदाराचीच अट लावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सांगितले आहे. वकिलाने हे आपणहून मांडायला हवे.

आता कामाचे. उद्यमबाग, मच्छेच्या फौंड्रीत १ तारखेला माणूस लागला, तर महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ ते १० तारखेला. म्हणजे जवळजवळ चाळीस दिवस खिसा रिकामा. नेमक्या याच दिवसांत जुना साथीदार पाचशेची नोट पुढे करतो. परतफेड मागत नाही, फक्त ‘एक फेरी मारून ये’ म्हणतो. मालकांनी पहिले दोन महिने झालेल्या कामातून दर आठवड्याला थोडी रक्कम दिली तर ही नोट लागणार नाही. मोठी उचल मात्र देऊ नये. ती फिटत नाही आणि माणूस न सांगता काम सोडून जातो.

बंद पडलेले सिम, त्यामुळे आधारचा ओटीपी न येणे, दोन वर्षे व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेले बँक खाते, ही कामे पहिल्या पंधरवड्यात उरकावीत. आधारला नवा मोबाइल जोडायला कागदपत्र लागत नाही. वाहन परवान्याची मुदत संपून वर्ष उलटले असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागणाऱ्याने हे आधी पाहावे.

रावडीशीट, म्हणजे पोलिसांच्या गुंडांच्या यादीत नोंद, असलेल्याचे दुखणे वेगळे. गणेशोत्सव किंवा निवडणूक आली की पोलीस स्थानकात परेड, चांगल्या वर्तणुकीचा बाँड, आणि त्या दिवसाची हजेरी बुडते. बोलावणे दोन दिवस आधी लेखी द्यावे आणि दुपारी शिफ्ट असणाऱ्याला सकाळी मोकळे करावे, एवढे पोलीस खात्याला सहज जमेल. सेकंड शिफ्ट अशा माणसाला खरे तर सोयीची, कारण जुनी टोळी जमते ते संध्याकाळचे तास कामात जातात. पण रात्री बारा वाजता सुटून साडेबाराला घरी निघालेला रावडीशीटर गस्तीच्या पोलिसाला दिसला की पंचाईत. कारखान्याने शिफ्टची वेळ छापलेले, फोटो आणि सुपरवायझरचा फोन नंबर असलेले ओळखपत्र पहिल्याच दिवशी द्यावे. महिन्याने नको, कारण अडवले जाते ते पहिल्याच आठवड्यात.

आपला,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव