नंबर छापा, पण आधी लावून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या अंकात लैंगिक अत्याचाराची एक बातमी होती. घटनेची वेळ, आरोपीचे वय, मुलीच्या वडिलांचा व्यवसाय, घराजवळची खूण, सगळे तपशीलवार. नाव तेवढे बदललेले. (एवढे छापल्यावर नाव बदलून काय साधले, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.) एकच गोष्ट नव्हती. अशाच प्रसंगातून गेलेल्या कुणी ती बातमी वाचली, तर त्या माणसाने मदत मागायची कुठे?

मी सहा वर्षे एका मदतवाहिनीवर आठवड्यातून दोन संध्याकाळी फोन घेत असे. फोन करणारे घटना लगेच सांगत नाहीत. आधी नुसता श्वास ऐकू येतो. मग ‘मैत्रिणीसाठी विचारतेय’. आणि मग तो प्रश्न येतोच : ‘हे कुणाला कळेल का?’ एकीने बोलणे दाराबाहेर जाऊ नये म्हणून न्हाणीघरात नळ सोडून ठेवला होता. मला निम्मे तिचे शब्द ऐकू येत होते, निम्मे पाणी.

‘गोपनीय’ हा शब्द प्रत्येक जाहिरातीत असतो, पण त्याचा अर्थ कुणी सांगत नाही. निनावी म्हणजे नाव सांगावेच लागत नाही. गोपनीय म्हणजे नाव त्यांना ठाऊक असते, पण ते बाहेर जाऊ देत नाहीत. या गोपनीयतेलाही मर्यादा असतात. बोलणारे अल्पवयीन असेल, कुणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल किंवा न्यायालयाने नोंदी मागवल्या, तर अनेक देशांत समुपदेशकाला गप्प राहता येत नाही. नियम देशागणिक वेगळे आहेत. चांगला समुपदेशक हे सगळे आपण तोंड उघडण्याआधीच सांगतो. नाही सांगितले तर आपण विचारावे : मी सांगेन ते कुठे लिहून ठेवता? ते कोण वाचू शकते? उत्तर गुळमुळीत आले तर खुशाल फोन ठेवावा. कॉलेजातल्या आवडत्या बाई किंवा ऑफिसातल्या एचआरवाल्यांपाशी मन मोकळे करण्याआधीही हेच विचारावे. त्यांचा हेतू चांगला असतो, पण ऐकलेले वर कळवणे हा पुष्कळदा त्यांच्या नोकरीचाच भाग असतो. आणि ते आपल्याला कळते सगळे सांगून झाल्यावर.

दुसरी भीती पोलिसांची. मदत मागितली म्हणजे तक्रार झालीच, असे लोक धरून चालतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १९७२ साली वॉशिंग्टनमध्ये बलात्कारपीडितांसाठी पहिल्या काही केंद्रांपैकी एक सुरू झाले, ते चालवणाऱ्या बायका पोलीसही नव्हत्या आणि डॉक्टरही. फोन उचलणे, ऐकून घेणे, हवे तर सोबत जाणे, एवढेच त्यांचे काम. १९८६ मध्ये मँचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात तपासणी, उपचार आणि आधार एका छताखाली आणणारे केंद्र उभे राहिले. तिथे पोलिसांकडे न जाताही जाता येते. अशा काही केंद्रांत तपासणीत घेतलेले पुराव्याचे नमुने जपूनही ठेवतात, म्हणजे तक्रारीचा निर्णय मागाहून घेता येतो. सगळीकडे ही सोय नाही. म्हणूनच ‘तक्रार न करता तपासणी होईल का?’ हे फोनवर आधी विचारायचे.

आता वेळेबद्दल, कारण इथे तासांचा हिशेब असतो. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भधारणा टाळण्याची तातडीची गोळी १२० तासांपर्यंत घेता येते, पण जितकी लवकर तितकी बरी. त्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो. आंघोळ झाली असेल, कपडे धुतले असतील, तरीही जावे. आणि वर्षे उलटली असतील तर? मला आलेले कितीतरी फोन दहा-वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीचे होते. एक आजी तर आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला सांगत होत्या.

समोरचा प्रशिक्षित आहे की नाही हे ओळखायची एक खूण सांगते. ‘तुम्ही ओरडला का नाहीत?’ असा प्रश्न आला, की समजावे हा माणूस शिकलेला नाही. स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडितांच्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के जणींचे शरीर त्या क्षणी मोठ्या प्रमाणात थिजून गेले होते. हात हलत नाही, आवाज फुटत नाही.

फोनचाही माग राहतो. कॉलची यादी, बिल, ब्राउझरची हिस्ट्री, घरात चौघांत मिळून वापरलेले एकच खाते. प्रायव्हेट विंडो त्या यंत्रावरची हिस्ट्री तेवढी ठेवत नाही, फोनमध्ये पाळत ठेवणारे ॲप असेल तर तिचा उपयोग शून्य. अशा वेळी विश्वासातल्या माणसाच्या फोनवरून बोलावे. आम्ही नेहमी विचारत असू : ‘याच नंबरवर परत फोन केला तर चालेल? दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगू?’ एकीसाठी मी वर्षभर पुस्तकांच्या दुकानातली बाई होते.

हे पत्र लिहायला बसण्याआधी मी एका यादीतले अकरा नंबर लावून पाहिले. चार बंद. एक कुणाच्या तरी घरी लागला. तिथल्या गृहस्थांना अशा फोनांची सवय झाली होती, बिचारे फार अदबीने ‘चुकीचा नंबर’ म्हणाले. दोन ठिकाणी नमस्काराच्याही आधी नाव-पत्ता विचारला. एक नंबर माझ्या भाच्याला लावायला सांगितला, तर ‘इथे फक्त महिलांशी बोलतो’ म्हणून फोन बंद. बरे, मग पुरुषाने कुठे जायचे, तेही नाही सांगितले. उरलेल्या तीन ठिकाणी नीट माणसे भेटली. अकरातली तीन. नळ सोडून बोलणारी ती मुलगी चौथ्या नंबरापर्यंत तरी पोचली असती का, याची मला शंका आहे.

तेव्हा मागणी एवढीच. अशी प्रत्येक बातमी संपते तिथे एक चौकट द्या. तीत सेवा कोण चालवते, फुकट आहे का, कोणत्या वेळी फोन उचलतात, नाव सांगावे लागते का, पुरुषांशी आणि मुलांशी बोलतात का, हे असू द्या. नंबर महिन्यातून एकदा कार्यालयातल्या कुणीतरी स्वतः लावून पाहावा. अकरा नंबरांना मला पाऊण तास लागला. तुमच्या आत्महत्यांच्या बातम्यांखाली चौकट असते, म्हणजे जागेची अडचण नसावी.

आपली,
एक वाचक

(नाव-पत्ता सोबत जोडला आहे. कृपया छापू नये. माझा आवाज ओळखणाऱ्या काही जणी अजून तुमचे वृत्तपत्र वाचत असतील.)